शीव न ओलांडलेले गाव

इंग्लंडच्या साधारण मध्यभागी, डर्बीशर परगण्याच्या डोंगराळ मुलखात एक खेडे आहे. त्याचे इंग्रजी स्पेलिंग समोर ठेवले तर आपल्यापैकी बहुतेकजण ते 'एयाम' असे वाचतील; तिकडचे लोक मात्र त्याला 'ईम' म्हणतात. शिशाच्या खाणी, थोडीफार शेती, मेंढरे आणि गावाच्या मधोमध सेंट लॉरेन्सचे चर्च. सतराव्या शतकात जगाने दखल घ्यावी असे या गावापाशी याहून वेगळे काही नव्हते. १६६५च्या सप्टेंबरात तिथे प्लेग शिरला. चौदा महिन्यांनी तो निघून गेला तेव्हा गावातली सुमारे २६० माणसे मातीत गेली होती.

प्लेगने माणसे मरणे ही त्या काळी नवलाची गोष्ट नव्हती. त्याच वर्षी एकट्या लंडनमध्ये, सरकारी नोंदी धरल्या तरी, अडुसष्ट हजारांवर माणसे प्लेगने मेली. ईमची आठवण साडेतीनशे वर्षे टिकली ती मृतांच्या संख्येमुळे नव्हे. रोग आपल्या गावातून आजूबाजूच्या गावांत जाऊ नये म्हणून आपण गावची शीव ओलांडायची नाही, असे त्या लोकांनी ठरवले आणि मरेपर्यंत पाळले, असे सांगतात. या 'ठरवले' शब्दापाशी मी अनेकदा अडलो आहे. कोणी ठरवले? कोणासाठी? आणि ज्यांच्या जिवावर ठरवले त्यांना विचारले होते का?

गोव्यातल्या वाचकाला 'पॅरिश' म्हणजे काय हे सांगायला नको. इतरांसाठी एवढेच सांगतो, की एका चर्चच्या अखत्यारीतला मुलूख म्हणजे पॅरिश. त्याला ठरलेली शीव असते, धर्मोपदेशक असतो आणि एक वही असते. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद प्रत्येक पॅरिशने ठेवावी असा हुकूम इंग्लंडमध्ये १५३८ साली निघाला. त्यामुळे तिकडच्या एखाद्या खेड्याचा इतिहास लिहायला बसणाऱ्याच्या हाती राजेरजवाडे लागले नाहीत तरी साध्या माणसांची नावे लागतात. आपल्याकडे जुन्या खेड्याचा शोध घेऊ गेले तर कुलकर्ण्याच्या दप्तरात जमिनी सापडतात, वतने सापडतात, थकलेला सारा सापडतो. कोणाच्या घरी कोण कधी गेले ते सापडत नाही. ईमच्या वहीत ते सापडते. आज असलेली वही ही मूळ नोंदींची नंतर उतरवलेली प्रत आहे, पण नावे आहेत, तारखा आहेत, आणि एकाच आडनावाखाली चार-चार, सहा-सहा दफने आहेत.

वहीतले प्लेगचे पहिले नाव जॉर्ज व्हिकर्स, ७ सप्टेंबर १६६५. हा शिंप्याकडे काम करणारा माणूस. लंडनहून कापडाचा गठ्ठा आला, तो दमट होता म्हणून याने विस्तवापाशी वाळत घातला आणि कापडातल्या पिसवांनी घात केला, असे परंपरा सांगते. ऑक्टोबरात वीसहून अधिक माणसे गेली. थंडीत रोग मंदावला, वसंतात तर गेल्यासारखाच वाटला. लोकांनी सुटकेचा श्वास टाकला असेल. जून १६६६ मध्ये तो पुन्हा उसळला, आणि तेव्हा गावातल्या दोन धर्मोपदेशकांनी मिळून लोकांपुढे तो प्रस्ताव ठेवला.

एका गावात दोन धर्मोपदेशक कसे, याचीही गोष्ट आहे. विल्यम मॉम्पेसन हा तिशीच्या आतला तरुण १६६४ साली नेमणूक होऊन आलेला. गावाला तो परका होता. गाव मानत होते ते थॉमस स्टॅनलीला, आणि स्टॅनलीचे काम तर सरकारने काढून घेतले होते. १६६२च्या कायद्याने ठरवून दिलेली प्रार्थनापोथी मान्य न करणारे सुमारे दोन हजार धर्मोपदेशक इंग्लंडभर घरी बसले, त्यांतला हा एक. पुढे १६६५ साली आणखी एक कायदा झाला, की अशा लोकांनी शपथ घेतली नाही तर आपल्या जुन्या पॅरिशपासून पाच मैलांच्या आत फिरकू नये. म्हणजे कायद्याचा रोख पाहिला तर स्टॅनलीने त्या गावात पाऊल ठेवू नये अशीच राज्यकर्त्यांची इच्छा होती. तो मात्र गावातच होता. ज्याच्या हाती अधिकार त्याच्यावर गावाचा विश्वास नाही, आणि ज्याच्यावर विश्वास त्याच्या हाती अधिकार नाही. हे चित्र आपल्यालाही फारसे अनोळखी नाही. दोघांचे धर्ममत एकमेकांना छेद देणारे होते. ते बाजूला ठेवून ते एकत्र आले. स्टॅनली बरोबर नसता तर एकट्या मॉम्पेसनचे गावाने ऐकले असते, असे मला वाटत नाही.

व्यवस्था ठरली ती अशी. चर्च बंद. प्रार्थना गावाबाहेरच्या ककलेट डेल्फ नावाच्या घळीत, उघड्यावर, आणि कुटुंबाकुटुंबांत अंतर ठेवून. दफनभूमीत दफने बंद; ज्याने त्याने आपले माणूस आपल्या परसात किंवा शेतात पुरायचे. कोणी शीव ओलांडायची नाही. अन्नधान्य शेजारच्या गावांनी शिवेवर आणून ठेवायचे. त्यासाठी एक दगड होता, त्याला भोके पाडलेली होती, भोकांत व्हिनेगर ओतलेले असे आणि त्यात पैसे टाकले जात, म्हणजे नाण्याला रोग लागू नये. तो दगड आजही दाखवतात. जवळच्या चॅट्सवर्थचा जहागीरदार, डेव्हनशरचा अर्ल, यानेही गावाला रसद पुरवली.

मराठीत आपण 'त्याग' हा एकच शब्द दोन अगदी निराळ्या कृत्यांसाठी वापरतो. संन्यासी घरादाराचा त्याग करतो, आणि रामाने सीतेचा त्याग केला. पहिल्यात माणूस आपले स्वतःचे काही सोडतो. दुसऱ्यात तो दुसऱ्या जिवंत माणसाला सोडून देतो, आणि त्या माणसाला विचारलेले नसते. व्याकरण दोन्हीकडे तेच, षष्ठी विभक्तीसुद्धा तीच. सभापर्वात विदुर धृतराष्ट्राला 'दुर्योधनाला टाक' असे सांगताना एक जुना हिशेब ऐकवतो: कुळ वाचत असेल तर एक माणूस सोडावा, गाव वाचत असेल तर कुळ सोडावे, मुलूख वाचत असेल तर गाव सोडावे. धरणाच्या पाण्याखाली गावे जायची ठरतात तेव्हा व्यासपीठावरून हाच हिशेब निराळ्या शब्दांत ऐकायला मिळतो. या हिशेबात गाव सोडणारा नेहमी गावाबाहेर उभा असतो.

ईमची गोष्ट मला महत्त्वाची वाटते ती इथे. मुलखासाठी गाव सोडायची वेळ आली तेव्हा सोडणारे गावाच्या आत होते. निदान गोष्ट तरी तशी सांगतात. ती तशीच घडली असेल तर हा विदुराच्या हिशेबापेक्षा फार वरचा प्रकार आहे. पण सगळ्यांच्या बाबतीत ती तशी घडली असेल का?

रायली नावाच्या शेतावर हॅन्कॉक कुटुंब राहत होते. १६६६च्या ऑगस्टात, ३ तारखेपासून १० तारखेपर्यंत आठ दिवसांत एलिझाबेथ हॅन्कॉकने नवरा आणि सहा मुले पुरली. एकटीने. तिचे कोणी मदतीला आले नाही, येणेही नियमाला धरून नव्हते. शेतातली ती थडगी अजून आहेत, भोवती दगडी गडगा आहे. या बाईने जूनमध्ये त्या घळीत उभे राहून होकार दिला होता का? दिला असेल. तिच्या सहा मुलांचे काय? त्यांच्या वतीने आईबापांनी होकार दिला असेल, तर तो कोणत्या जातीचा त्याग? संन्याशाचा की रामाचा?

मुलांचा विषय निघाला की मॉम्पेसनची मुले आठवतात. त्याला एक मुलगा आणि एक मुलगी. रोग वाढू लागला तेव्हा त्याने दोघांना यॉर्कशरला नातेवाइकांकडे पाठवून दिले. बायकोलाही जा म्हणाला; कॅथरिन गेली नाही. गाव बंद होण्याच्या आधीच मुले गेली होती, त्यामुळे नियम मोडला असे म्हणता येत नाही, आणि बापाने मुले वाचवली म्हणून त्याला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. तरीही ज्याची मुले यॉर्कशरला सुखरूप होती त्याने शिशाच्या खाणीत राबणाऱ्या माणसाला 'तू मुलाबाळांसह इथेच थांब' असे सांगावे, हे मला गिळता येत नाही. त्याच्या शब्दांत खोट होती असे नाही. पण त्याच्यापाशी मुले पाठवायला जागा होती, खाणकामगारापाशी नव्हती.

या जागा नसण्याबद्दल थोडे सांगायला हवे, कारण त्यागाच्या गोष्टीत हा भाग कोणी सांगत नाही. त्याच १६६२ साली इंग्लंडमध्ये एक वसाहतीचा कायदा झाला होता. गरीब माणूस दुसऱ्या पॅरिशमध्ये राहायला आला आणि तो पुढे आपल्या अंगावर पडेल असे तिथल्या लोकांना वाटले, तर चाळीस दिवसांच्या आत त्याला त्याच्या मूळ पॅरिशमध्ये हाकलून देता येत असे. वर्षाला दहा पौंड भाड्याचे घर घेण्याची ऐपत असेल तर गोष्ट वेगळी. गरिबाला त्याच्या शिवेशी बांधून ठेवण्याचे काम कायद्याने आधीच केले होते. प्लेगने त्यावर कुलूप घातले. ईमची एक बाई टाइड्सवेलच्या बाजाराला गेली आणि ती कुठली हे कळताच लोकांनी हाती लागेल ते फेकून तिला पिटाळले, अशी आख्यायिका तिकडे आहे. गावातले जे सधन होते त्यांतले काही आधीच निघून गेले होते. उरले ते बहुतेक असे, की ज्यांना कोणी दारात उभे केले नसते.

मग या सगळ्याला त्याग म्हणायचे की नाइलाज? या प्रश्नावर कितीतरी वेळ माझे मन नाइलाजाकडे झुकते. मग लक्षात येते, की गावाभोवती पहारा नव्हता. सैनिक नव्हते, खंदक नव्हता, ज्याला जायचे त्याला रात्रीच्या अंधारात डोंगर ओलांडून जाता आले असते, उघड्यावर झोपून, भीक मागून चार दिवस काढता आले असते. मरणाच्या भीतीने माणूस याहून पुष्कळ काही करतो. जुलैत पन्नासहून अधिक आणि ऑगस्टात पंचाहत्तरहून अधिक माणसे मरत असताना गाव फुटले नाही. ज्याच्यापुढे दोनच वाटा आहेत आणि दोन्ही वाईट आहेत, त्याने त्यांतली एक दुसऱ्याचा विचार करून निवडली तर ती निवडच. वाटा कमी होत्या म्हणून तिची किंमत कमी होत नाही. पण वाटा कमी कोणी केल्या हा हिशेब मात्र वेगळा मांडला पाहिजे, आणि तो मागायचा झाला तर धर्मोपदेशकाकडे मागून भागणार नाही.

मॉम्पेसनच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे. त्याला स्वतःला जाता आले असते, आणि तो थांबला. कॅथरिन २५ ऑगस्ट १६६६ला वारली. आठवडाभराने त्याने आपल्या आश्रयदात्याला, सर जॉर्ज सॅव्हिलला, पत्र लिहिले. ते मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाचे निरोपाचे पत्र आहे. मुलांकडे पाहा, माझ्या जागी नम्र आणि धर्मशील माणूस नेमा, अशी त्यात विनवणी आहे. तो मेला नाही. त्याच नोव्हेंबरात लिहिलेल्या पत्रात तो ७६ कुटुंबांत रोग शिरल्याचे आणि २५९ माणसे मेल्याचे सांगतो. आणि एक बारीकशी गोष्ट मला खुपते. इतरांची माणसे परसात आणि शेतात पुरली गेली, कॅथरिनची कबर मात्र चर्चच्या आवारात आहे. आजही तिथे आहे. दुःखात बुडालेल्या माणसाला या गोष्टीवरून बोलू नये हे मला कळते. हॅन्कॉकच्या बाईला ती दिसली असेल तर तिला काय वाटले असेल, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही.

ईमचा सगळा खटाटोप फुकट होता, असेही म्हणणारे आहेत. त्यांचा युक्तिवाद मुंबईवरून जातो, म्हणून तो आपल्याला अधिक जवळचा. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि रेल्वेच्या वाटेने दोन-तीन वर्षांत हुबळी-धारवाड-बेळगावपर्यंत पोचला. याच साथीत १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने उंदरावरच्या पिसवांतून प्लेग पसरतो हे दाखवले. पुढे मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत प्लेग कमिशनने त्यावर शिक्कामोर्तब केले. दोष घरातल्या उंदरांचा असेल, तर ईमच्या लोकांनी माणसांपासून दूर राहून काय साधले? उलट त्याच घरांत राहून अधिक मेले असतील. आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात 'प्लेगच्या साली गाव उठले' असे येते. घरात उंदीर पडू लागले, की दारे लावून माणसे शिवारात, माळावर झोपड्या घालून राहत. ईमला हे शहाणपण नव्हते. २०१६ साली मात्र लिलिथ व्हिटल्स आणि झेवियर दिदलो या अभ्यासकांनी ईमच्याच वहीतल्या तारखा गणिताने तपासून असा निष्कर्ष काढला, की तिथला साधारण तीन-चतुर्थांश संसर्ग माणसाकडून माणसाला झाला असावा. तसे असेल तर शीव बंद करण्याला अर्थ होता.

हा वाद शास्त्रज्ञांनी खुशाल चालू ठेवावा. माझ्यापुरते सांगायचे तर निकाल कोणत्याही बाजूने लागला तरी त्या लोकांच्या कृतीचे मोल मला बदलत नाही. त्यांनी त्यांना ठाऊक असलेल्या जगात निर्णय घेतला. सावित्रीबाई फुले १८९७च्या मार्चमध्ये प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना गेल्या, तेव्हा पिसवांचा शोध लागायचा होता. तो आधी लागला असता तर त्या कदाचित वाचल्या असत्या. पण म्हणून त्या थांबल्या याची थोरवी अज्ञानातून आली असे कोणी म्हणणार नाही.

इतिहासकारांची शंका मला जास्त बोचते. पॅट्रिक वॉलिसने २००६ साली दाखवून दिले, की त्याग करणाऱ्या गावाची ही कथा प्लेगच्या काळात लिहिलेल्या कागदांत आज सांगतात तशी भरगच्च नाही. १७२०च्या सुमारास रिचर्ड मीड या डॉक्टरने साथी कशा अडवाव्यात याचे उदाहरण म्हणून ईमचा उल्लेख केला, आणि त्यात श्रेय धर्मोपदेशकाला गेले. पुढे त्याच गावात जन्मलेल्या ॲना सीवर्ड या कवयित्रीने आणि १८४२ साली गावचा इतिहास लिहिणाऱ्या विल्यम वुडने तिच्यात रंग भरले. प्रेमात ताटातूट झालेली जोडपी आली. मेलेल्यांना पुरून त्यांच्या वस्तू घेणारा मार्शल हाऊ आला. नायक तरुण धर्मोपदेशक झाला, स्टॅनली मागे सरकला, आणि गाव म्हणजे त्याच्यामागून शांतपणे चालणारा कळप ठरला. गावाची लोकसंख्यासुद्धा पूर्वी साडेतीनशे धरत, म्हणजे बहुतेक सारे गाव मेले असे वाटे. आता ती सातशेच्या घरात किंवा त्याहून जास्त मानतात. वर्षाकाठी ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी त्या घळीत प्रार्थना होते आणि तिथे ही गोष्ट पुन्हा सांगतात. मेलेल्यांच्या मौनाला संमती समजण्याची सोय सगळ्याच गावांना लागते.

२०२०च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या वर्तमानपत्रांना ईमची फार आठवण झाली. त्याच उन्हाळ्यात आपल्या भागातल्या कित्येक गावांनी वेशीवर काटेरी फांद्या आणि बाभळीची खोडे आडवी टाकली होती. मुंबई-पुण्याहून चालत आलेल्या पोरांना गावाबाहेरच्या शाळेत चौदा-चौदा दिवस ठेवले होते. २०२१मध्ये कोगनोळीच्या नाक्यावर चाचणीचा दाखला नसलेल्या गाड्या परतवल्या जात होत्या. शीव तीच, पण ईमने ती आपल्यातला रोग बाहेर जाऊ नये म्हणून बंद केली आणि आपण बाहेरचा आत येऊ नये म्हणून. आपले चुकले असे मी म्हणत नाही. आपल्या म्हाताऱ्यांना वाचवायचा हक्क प्रत्येक गावाला आहे. पण शाळेत ठेवलेला पोरगा त्याच गावचा होता, आणि त्याला आत घ्यायचे की नाही हे ठरवताना तो काट्यांच्या पलीकडे उभा होता. विदुराचा हिशेब आपल्याला फार लवकर सुचतो. कुळासाठी एक सोडावा म्हटले, की सोडायचा तो एक कोण हे आधीच ठरलेले असते.

मॉम्पेसन पुढे तीनेक वर्षांनी ईम सोडून नॉटिंगहॅमशरमधल्या ईक्रिंग या पॅरिशमध्ये गेला. तोवर प्लेग कधीच संपला होता. तरीही तो कुठून आला हे ईक्रिंगच्या लोकांना ठाऊक होते, आणि त्यांनी त्याला गावात राहू दिले नाही. जवळच्या रफर्डच्या बागेत, सॅव्हिलच्या जमिनीवर, त्याला एक झोपडी बांधून दिली होती आणि लोकांची भीती मोडेपर्यंत तो तिथे राहिला, असे तिकडे सांगतात.